विमानातल्या पुढच्या संडासाचं दार

माझं माहेर सिद्धगडच्या पायथ्याचं, मुरबाडहून जीप जिथवर जाते त्याच्या पुढं पायी. आमी भातशेतीवाले, दोन भाऊ आनि मी एकटी बहीन, शाळा चौथीपर्यंत, मंग गुरं, मंग लगीन. सासर आटगावला, टेशनच्या मागच्या बाजूला. तुमी विमानाचं विचारता म्हनून सांगते, नायतर माझ्यासारखीच्या वाट्याला विमान कुठून यायचं. लगीन होऊन आली तवा मालगाडी धडधडत गेली तरी मी हातातलं टाकून दारात यायची, सासू हसायची, गो इंदू, रोज जानार ती, रोज बघनार का तू.

संडास माहेरी नव्हता, सासरी पन नव्हता. तुमी विचारलंत म्हनून बोलते, लाजायचं काय त्यात, सगळ्यांनाच लागतं. बायका जोडीनं जायच्या, उजाडायच्या आधी, आनि दिवसभर मंग पोटात दाबून ठेवायचं, लावनीच्या दिवसांत तर पानीच कमी प्यायच्या बायका. ती सवय अंगात मुरलेली माझ्या.

नवऱ्याची शेती पोटापुरती, म्हनून मी शहापूरला एका डॉक्टरीनबाईंच्या दवाखान्यात कामाला लागली, बाळंतपनाचा दवाखाना, पेशंट उचलायची, पुसायची, भांडं द्यायची, सगळं केलं. तिथून मला बाईंकडे धाडलं. बाई म्हंजे शाळेतल्या बाई, शहापुरातल्या निम्म्या बायकांना त्यांनीच गनित शिकवलेलं, सगळं गाव त्यांना बाईच बोलायचं. नवरा वारलेला, मुलगी एकच, नीताताई, ती लंडनला. बाईंच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, एक शब्द काढायला कपाळावर घाम यायचा. एवढी हुशार बाई आनि तोंडातून शब्द येत नाय, कसं वाटत असेल सांगा.

पयल्या दिवसांत मला हात लावू द्यायच्या नाय. संडासला न्यायची म्हटलं की तोंड फिरवायच्या, मुलींना ओळीत उभं करनारी बाई ती, तिला कुनी धरून बसवायचं म्हंजे काय. तिथंच पलंगावर डोळ्यांतून पानी काढायच्या पन उठायच्या नाय. मंग एक दिवस आपल्या आपनच बोलल्या, इंदू, चल. तवापासून माझ्याशिवाय कुनी नाय. नीताताई सुट्टीला आली तरी तिला नाय, शेजारच्या काकू नाय, मीच. घरात कडी कधी लावली नाय आमी, मी भायेर उभी, दार लोटलेलं, त्यांनी दोनदा भिंतीवर बोट वाजवलं की मी आत जायची. असं आमचं चालायचं.

मंग नीताताईनं काढलं, आईला थोडे महिने लंडनला आना, तिकडचे डॉक्टर बघतील, इंदू तू पन ये सोबत. नवरा बोलला, एवढ्या लांब कशाला, सासू बोलली, जाऊ दे रे तिला, बाई दुसऱ्या कोनाच्या हाताला ऐकनार आहेत का. पासपोर्ट झाला, एक स्वेटर घेतला कल्यानहून. बाईंचा पाय वाकायचा नाय म्हनून त्यांचं तिकीट पुढच्या मोठ्या खुर्चीचं, माझं मागं. नीताताई फोनवर बोलली, मी विमानवाल्यांना सांगून ठेवलंय, इंदू मधेमधे पुढं येऊन आईला नेत जाईल, काळजी नको करू.

सकाळचं विमान. माझी जागा पार मागं, मधल्या रांगेत, दोन्ही बाजूला मानसं. बाई पुढं, आनि मधे पडदा. साधा पडदा हो, दवाखान्यात दोन खाटांच्या मधे असतो तसा, पन विमान वर गेलं आनि एका हवाईसुंदरीनं तो सर्रकन ओढला तवा बाई दिसायच्या बंद झाल्या. पडद्याच्या पुढं मानसं थोडी आनि त्यांना दोन संडास. मागं आमी सगळी, बायका, पोरं, म्हातारे, आनि आमची लाईन पार खुर्च्यांच्या मधून आलेली.

पयल्या वेळेला काय त्रास नाय झाला. एक मोठी हवाईसुंदरी, केस थोडे पिकलेले, ती स्वतः मागं आली, हिंदीत बोलली, आप ही हैं ना उनके साथ, चलिए. मी बाईंना धरून नेलं. केवढीशी जागा ती, दार आतल्या बाजूला मोडतं, आमी दोघी आत शिरलो तर दार लागेना. आनि आत मिनमिनता उजेड, कडी लावली की मंगच मोठा दिवा लागतो, हे मला तवा कळलं. मी बाईंना बसवलं, आनि मीच अर्धी भायेर, दार पाठीनं धरून. पानी घ्यायला जागा नाय, कागदच. मी माझी बाटली नेलेली. ओलं झालेलं सगळं मी कागदानं पुसून काढलं, बेसिनसुद्धा पुसलं, उगाच कुनी नाव ठेवायला नको. भायेर एक कोटवाले साहेब उभे होते, त्यांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, इंग्लिशमधी त्या हवाईसुंदरीला कायतरी बोलले. मला समजलं नाय, पन समजलं.

जेवन झालं. नंतर मी परत उठली, बाईंचा टाइम मला ठाऊक. पडद्याजवळ गेली तर तिथं दुसरी पोरगी, तरनी, हसरी. ती मोठी हवाईसुंदरी आराम करायला गेलेली. ही बोलली, आपकी सीट पीछे है, इधर नहीं आ सकते. मी बोलली, पेशंट आहे माझा पुढं, बाथरूमला न्यायचंय. ती बोलली, हम हैं ना, हम देखेंगे, आप बैठिए. मी बोलली, त्या तुमच्यासोबत नाय जानार. ती हसतच बोलली, रूल है आंटी. तिचं पन बरोबर असेल, तिला कोनी सांगितलं नसेल, आनि तेवढ्यात विमान हलायला लागलं, पट्टा बांधा, पट्टा बांधा, सगळ्यांना बसवलं. मी आपली माझ्या जागेवर.

काय सांगू तुम्हाला, तशी मी कधी बसली नसेन. माझं लक्ष त्या पडद्याकडे. विमान असं खाली जायचं की पोट वर यायचं, आनि मला तेच दिसतंय, बाई बोट वाजवतायत आनि मी नाय. शेजारचा मानूस बोलला, डरो मत, कुछ नहीं होता. त्याला वाटलं मी विमानाला भ्याली.

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. बाईंना घाई लागली, पट्ट्याचा दिवा विझायची वाट बघवेना. त्यांनी त्या पोरीला हात केला, इंदू, इंदू बोलल्या असनार, पन त्यांचं बोलनं घरच्यालाच समजायचं. पोरीनं त्यांना धरून दारापर्यंत नेलं, तेवढंच विमानवाल्या पोरींना करायची परवानगी, आत त्यांनी जायचं नाय. आनि बाई आत एकट्या. दारात ते कोटवाले साहेब उभे, परपुरुष, मंग बाईंनी आजारपनात पयल्यांदा कडी लावली. साहेबांना पन लागली असेल, त्यांनी दार ठोठावलं, परत ठोठावलं. बाई घाईनं उठायला गेल्या आनि विमान हललं.

मला धप्प असा आवाज नाय आला, तेवढ्या लांब कुठला यायचा. ती पोरगी धावत आली पडद्यातून, तिचं हसू गेलेलं, आंटी, आंटी चलिए. पट्टा बांधायचा दिवा लागलेलाच होता, मी उठली, शेजारच्याच्या पायावरून गेली, खुर्च्या धरत धरत पुढं. पडदा मीच बाजूला केला, कोनी आडवलं नाय.

पोरीनं भायेरून कडी काढलेली, त्यांना येते काढता. पन दार उघडेना. दार आत मोडतं ना, आनि बाई आत दाराला लागून पडलेल्या, त्यांचा पाय दारात आडवा. जेवढं ढकलावं तेवढं त्यांनाच लागनार. ती पोरगी ढकलत होती, मी तिचा हात धरला. मी दाराला तोंड लावून हाक मारली, बाई, मी इंदू. आतून कायच नाय. परत बोलली, बाई, मी भायेर आहे, इथंच आहे. आतून नुसतं पानी वाहल्याचा आवाज. मला वाटलं, संपलं, आता नीताताईला काय तोंड दाखवू, एवढ्या वर आभाळात कुठला डॉक्टर.

मंग टकटक. दोनदा. हळू, पन दोनदा.

मी दारालाच चिकटून खाली बसली. बोलली, बाई, कुठं लागलं का, डोक्याला लागलं असेल तर एकदा वाजवा. वाजलं नाय. बरं, बोलली, मंग डावा हात वर करा, तिथं एक दांडा आहे, मघाशी आपन धरला तो. खूप वेळ कायच नाय, नुसता श्वास, फुस्स फुस्स असा. तो साहेब मागं उभा, पोरगी रडायच्या घाईला, बोलते, दरवाजा तोडना पडेगा, सरको. मी बोलली, थांब गो जरा. मराठीतच बोलली तिला, भान कुठलं. आनि बाईंना बोलली, घाई नाय बाई, कुनाला घाई नाय, सगळे थांबलेत तुमच्यासाठी, तुमी हळूहळू पाय ओढा, डाव्या पायानं उजवा ओढा.

आतून आवाज आला, इंदू, लाज. एवढंच. शब्द अगदी स्पष्ट हो, कधी नव्हे तेवढा. मी बोलली, कसली लाज, मी आनि तुमी, अजून कोन आहे इथं. त्या पोरीला मी हातानं खूण केली, ती समजली, तिनं साहेबांना मागं नेलं आनि संडासाजवळचा लहान पडदा ओढला. या वेळेला पडदा आमच्या बाजूनं ओढला. मंग मी बोलत राहिली, काय काय बोलली देवाला ठाऊक, आटगावची सासू, शेजारच्यांची म्हैस, कायपन, आवाज तुटू द्यायचा नाय म्हनून. तिकडे घासल्याचा आवाज, इंच इंच. दार थोडं हललं, माझा हात आत गेला, त्यांचा हात हाताला लागला, बर्फासारखा. मंग खांदा गेला, मंग मी आडवी होऊन आत शिरली.

साडी भिजलेली, चश्मा कमोडमागं, दंडावर खरचटलेलं, बाकी देवाची कृपा. मी त्यांना उठवून बसवलं. त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, रडल्या नाय. मी पुसलं, माझ्या पिशवीतला गाऊन घातला, केस नीट केले, चश्मा धुतला. दार उघडायच्या आधी त्या मान ताठ करून उभ्या राहिल्या, शाळेत जाताना राहत असतील तशा. आमी भायेर आलो, कुनीच आमच्याकडे बघत नव्हतं, सगळ्यांनी मुद्दाम माना वळवलेल्या. ते कोटवाले साहेब पन. मंग ते आत गेले आनि येताना आमच्याकडे न बघता गेले, पन जाताना हळूच बोलले, सॉरी मॅडम. कुनाला बोलले, बाईंना का मला, माहीत नाय.

ती मोठी हवाईसुंदरी उठून आलेली. ती त्या पोरीला बाजूला घेऊन कायतरी बोलली, पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला वाईटच वाटलं तिचं. मंग मोठी मला बोलली, आप यहीं बैठिए, बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर. ती खुर्ची मुंबईपासून मोकळीच होती.

आता ऐका. बसली मी तिथं, मऊ खुर्ची, पाय लांब करता येतात, पन माझं स्वतःचं काय. सकाळपासून मी गेलेली नाय, घाबरून आनि सवयीनं. आता राहवेना. समोर दोन्ही दारांवर हिरवा दिवा, दोन्ही रिकामे. मी उठली, तर तीच तरनी पोरगी, खाली मान घालून बोलली, आंटी, आपका पीछेवाला. आताच बोलनी खाल्लेली तिनं, तिला कशाला परत अडचनीत आनू. मी बाईंना सांगितलं, आली मी, आनि एवढं विमान चालत मागं गेली, लाईनीत उभी राहिली. माझ्या पुढं एक बाई लेकरू घेऊन, लेकरू कळवळलेलं, तिला मी पुढं जाऊ दिलं, मंग अजून एक म्हातारे. माझा नंबर आला तवा कडी लावायला माझा हात धजेना. लावली. मोठा दिवा लागला, आरशात माझं तोंड दिसलं आनि तवा कुठं मला रडू फुटलं. आतच रडली मी. पन भायेर लोक थांबलेले, म्हनून तोंड धुतलं, बेसिन पुसलं, आली भायेर.

लंडनला नीताताईनं दंडावरचा काळानिळा डाग बघितला आनि पयलं मलाच बोलली, इंदू, तू कुठं होतीस. बाईंनी डावा हात वर केला, खूप जोर लावला, आनि बोलल्या, पडदा. नीताताईला कळेना. मंग मी सगळं सांगितलं, तिनं उठून माझ्यासाठी चहा केला, तिच्या हातानं.

परत येताना नीताताई पुढचंच तिकीट काढत होती, या वेळेला दोन पुढची काढते बोलली. बाई नाय बोलल्या. ताई बोलली, आई, मागं पाय ठेवायला जागा नसते गं. बाई एकच शब्द बोलल्या, मागं. का ते त्यांनी सांगितलं नाय. मी विचारलं, बाई, पडद्याचा राग आला का तुम्हाला, तर हसल्या. आलो मंग मागं बसून, पाय माझ्या मांडीवर. संडासला निघालो की लाईनीतली मानसं आपनहून भिंतीला लागायची, एक सरदारजी तर दार धरून उभे राहिले, पाठ करून, आनि कुनी ठोठावलं नाय. त्रास झाला का, झाला, बाईंचा पाय सुजला, पन कडी लावावी नाय लागली.

बाई त्यानंतर दोन पावसाळे होत्या. शांत गेल्या, स्वतःच्या पलंगावर. नीताताईचा फोन अजून येतो, दिवाळीला नक्की.

आता मी कुनाकडे जात नाय. गुडघे गेले. सासूला दिसत नाय आता, तिचंच करते, ती पन हाका मारते, इंदू, इंदू. पोरानं मागच्या अंगाला संडास बांधला, चांगला मोठा, दोघी मावतात. मी विमानात बसलेली आटगावात पयली बाई, असं लोक सांगतात, मला हसू येतं, बसली पन आनि उभी पन राहिली. तुमी लिहिता तर एवढं लिहा, वेळ कुनावर येऊ नये असं मी नाय बोलनार, सगळ्यांवरच येते, तुमच्यावर पन येईल, लांब येवो. तवा दाराच्या भायेर तुमचं मानूस उभं असो. बसा, चहा घ्या, ती हाक मारतेय, मी आलीच.