कडूबांच्या बेलबॉटमचा घेर

ब्लाउजला अजून तासभर लागणार, हे कळल्यावर मंजुषा मुकुंदवाडीतल्या गयास टेलरच्या बाकावर टेकली. तेवढ्यात म्हातारे कडूबा पिशवीतून पँट उपसतच दुकानात शिरले.

"गयासभाई, ही माझ्या लग्नातली पँट. पुन्हा बेलबॉटम करून द्या. नातवाच्या, शिवमच्या हळदीत नाचायचंय."

"पंच्याऐंशी साली तुमीच घेर कापायला लावला ना!"

"तवा फॅशन गेली व्हती. आता पोरं पुन्हा तसल्याच घालायलेत."

"असलं चॉकलेटी टेरिकॉट आता कुठून आणू, कडूबाभाऊ?"

"कापलेलं कापड कुठं गेलं? एकेका पायात शेळी मावायची!"

"मी कुणाचं कापड ठेवत नाय. उरलं की ज्याचं त्याला पिशवी शिवून देतो."

"मला कुठं दिली?"

"हातात काय हाय मग?"

कडूबांनी पिशवी पँटीला लावून पाहिली. मंजुषानंही मान लांबवली. रंग तोच, नुसता विटलेला.

"उसवा! आत्ताच्या आत्ता उसवा!"

"उसवतो. पण पँट घरी कशात न्याल?"

"घालूनच जाईन!"

गयासभाईंनी गळ्यातली टेप काढून कडूबांच्या पोटाभोवती फिरवली.

"भाऊ, घरात अजून एखादी पिशवी हाय का?"