सापडलं म्हणाला, कुठं ते नाय

जय भीम, नमस्कार मंडळी. कर्जतवरनं आलात, खालापुरातनं आलात, मोहोपाड्याची माणसं कारखान्यातली पाळी बदलून आलीत. मला बोलायला उभं केलंय, पण काय बोलू? गॅरेजात बोलायचं काम सुधाकरचं. मी आपला पाना चालवणारा.

मी दत्ता, त्याचा भागीदार. इंजिन माझं, वायरिंग त्याचं. भांडणं रोजची. "दत्त्या, तुला पाना दिसला की अक्कल दिसत नाय," असं गिऱ्हाइकासमोर सुनवायचा. मी पण ऐकून घेणारा नव्हतो. तरी संध्याकाळचा चहा एकत्रच.

कोंडाण्याचे नामदेवमामा मागं बसलेत. त्यांची जुनी गाडी आमच्याकडं हाय. मामींना डायलिसिससाठी पनवेलला न्यायची तीच गाडी. इंजिन तापलं की चालता चालता बंद. निवलं की पुन्हा चालू, जसं काय झालंच नाय. दोष दाखवणारा स्कॅनर म्हणतो, इंजिनचा क्रँक सेन्सर गेला. नवा घातला. तरी बंद. आणखी एक घातला. तरी तेच. म्हंजे दोष वायरीत. पण कुठल्या? सगळी वायरिंग उंदरांनी कुरतडलेली, ज्यानं त्यानं जोड मारलेली.

सुधाकरची एक पद्धत होती. इंजिन तापवून चालू ठेवायचं. एकानं बोनेटखाली एकेक वायर हलवायची, दुसऱ्यानं आत बसून ऐकायचं. इंजिन अडखळलं की दोष तिथंच. तो हलवायचा, मी ऐकायचो.

त्या दिवशी मी लग्नाला गेलेलो. तो एकटाच गाडीपाशी. घरी जेवताना बायकोला, आमच्या वहिनींना, म्हणाला, "मामांच्या गाडीचं सापडलं गं. उद्या दत्त्याला दाखवतो, तोंड बघण्यासारखं होईल त्याचं." आणि सकाळी उठलाच नाय. झोपेतच गेला.

काय म्हणायचं याला? सापडलं म्हणाला. कुठं, ते सांगितलं नाय. मी वायरींचा सगळा गुच्छा सोडला, जोडाचे कपलर साफ केले, मीटर लावून बसलो. गाडी अजून बंद पडतेच, पण नाय सापडत, मंडळी. मामी टेंपोत बसून जातायत. मामा मला एका शब्दानं विचारत नायत, आणि ते न विचारणंच सोसत नाय.

परवा वहिनी गॅरेजात आल्या. म्हणाल्या, "भावजी, तुमी आत बसा. मी हलवते." मला नको म्हणता आलं नाय. त्या एकेक वायर हलवत गेल्या, मी ऐकत बसलो. इंजिन एकदा पण अडखळलं नाय. सगळ्या वायरी झाल्या. त्या पुन्हा पहिलीपासनं हलवायला लागल्या. मग म्हणाल्या, "मी विचारायला पाहिजे होतं हो, कुठं सापडलं ते. मी भाजी वाढत होते. म्हटलं, असेल काहीतरी गाडीचं." मला इंजिन बंद करायचं होतं. हात चावीकडं जाईना.

वहिनी, नवरा जेवताना गाडीचं बोलला तर कुठली बायको वायरीचा पत्ता विचारते? कुणी नाय विचारत. हे मी रोज तुमाला सांगीन, आणि रोज तुमाला पटणार नाय. त्याला मी काय करू? मामा, गाडी कधी होईल, मला सांगता येत नाय.

उठा मंडळी, आता श्रद्धांजलीला उभे राहू. थोडा वेळ कुणी काय बोलू नका. वहिनी, तुमी बसूनच राहा.

सुधाकर, जय भीम रं.