विजयाबिगर झोप न्हाई

हसू नका रं, आधी ऐका. अंगावर नागीण उठली होती, ती बरी झाली, पण बरगडीतली आग काय जाईना. झोपच न्हाई. शेवटी पुण्याच्या एका आयुर्वेदिक डॉक्टरला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "गांजाच्या झाडाच्या पानांचं तेल देतो. चिठ्ठीवर मिळतं, कायदेशीर आहे."

म्हणलं, "डॉक्टर, तेवढं गांजा नका लिहू. दौंडात तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई."

"आयुर्वेदात त्याला विजया म्हणतात. तुम्हीही विजयाच म्हणा."

तेलानं लई बरं वाटलं, झोप लागाया लागली. बाटली संपली तवा औषधवाल्याला फोन लावला, "अहो, विजयाबिगर रात्र निघत न्हाई. लवकर पाठवा!"

वळून बघतो तर बायको दारात.

"लेकीच्या सासूचं नाव घेताना जीभ कशी झडली न्हाई तुमची?"

आता विहीणबाईंचं नाव विजया हाय, हे माझ्या ध्यानातच न्हाई! आपण कवा त्यांना नावानं हाक मारतो?

मी तोंड उघडायच्या आत हिनं लेकीला फोन केला. संध्याकाळी यवतवरनं व्याही-विहीण दारात. व्याही बसंनात, पाणी घेईनात. मी डॉक्टरची चिठ्ठी पुढं धरली आन् ओरडलो, "व्याही, विजया म्हंजी गांजा हो!"

सगळी आळी ऐकत होती.

विहीणबाईंनी पदर सावरला. "अगंबाई! माझ्या नावाचा गांजा?"

तवा खाली घातलेली मान त्यांच्यापुढं अजून वर होत न्हाई. पण औषधाला मी आता गांजाच म्हणतो. चारचौघांत, मोठ्यानं.