आई रामनगरात गेली

लतिका : फोटो हवा तर ने, दादा. पण उद्या आईच्या तेराव्याला चार लोकांत “आईनं काशीत देह ठेवला” म्हणालास, तर मी तिथंच उठून उभी राहीन.

नरहर : आणि काय सांगशील?

लतिका : झालं ते. आई गंगेच्या या अंगाला गेली. रामनगरात, माझ्या घरात, या खाटेवर.

नरहर : अगं, ब्रह्मा घाटावर माझ्याकडे लोक कुठून कुठून येतात, आपल्या माणसाला मोक्ष मिळावा म्हणून. आणि पुरोहिताचीच आई पलीकडे गेली? रामनगरात मरणारा पुढच्या जन्मी गाढव होतो, हे काशीतलं शेंबडं पोरही सांगेल.

तेजश्री : मामा, आजीला सब पता होतं. धोब्याचं गाढव रोज दाराशी यायचं ना, त्याला गूळ द्यायची. म्हणायची, “आत्तापासून जान-पहचान करून ठेवते.”

नरहर : थट्टा पुरे, तेजू. शेवटच्या दिवशी तिला काशीत न्यायला मी नाव घेऊन आलो होतो. तुम्ही मायलेकींनी अडवलंत.

लतिका : आम्ही? खाट कुणी घट्ट धरून ठेवली होती? तिची बोटं तुला सोडवता आली नाहीत.

नरहर : तिला शुद्ध नव्हती.

लतिका : चांगली होती! “नावाड्याला ताटकळत ठेवू नकोस, जा,” असं तुला कोण म्हणालं?

नरहर : एवढं काय होतं तिचं इथं?

लतिका : मी होते. परजातीत लग्न केलं म्हणून बाबांनी मला दारातून परत पाठवलं. तू मागे उभा होतास, गप्प. बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्याच दिवशी आई कपड्यांची पिशवी घेऊन, ऑटोत बसून एकटी पूल ओलांडून आली. माझ्या सासूला पुरणपोळी शिकवली, तिच्याकडून लिट्टी शिकली. दोघी चबुतऱ्यावर बसून खदाखदा हसायच्या. आईला असं हसताना तू कधी ऐकलंस?

(बाहेर गाढव ओरडतं.)

तेजश्री : आलं बघा. आजी नाही, तरी येतंच.

लतिका : जन्मभर दुसऱ्यांसाठी उपास केले तिनं. एवढी एकच गोष्ट स्वतःच्या मनानं केली. ती मी कुणाला पुसू देणार नाही. गेला मोक्ष तर गेला!

नरहर : माझ्यावर रागावली होती का गं?

लतिका : नाही रे. म्हणाली, “नरहरला सांग, भिऊ नकोस. लोक दोन दिवस बोलतील.”

नरहर : लहानपणापासून हेच सांगायची मला... उद्या तू उठू नकोस, लता. मीच सांगतो. आई रामनगरात गेली, स्वतःच्या मर्जीनं गेली. कुणाला हसायचं त्यानं हसावं.

तेजश्री : मामा, ते दारातून हटत नाहीये.

नरहर : गूळ कुठं ठेवायची ती?

लतिका : खिडकीत, पितळी डब्यात. सोवळ्यातला नाही, लाव खुशाल हात.