रसिकदादांनी नर्मदा आटवली

भरूचच्या दवाखान्यात मंजुबेन दुखरा गुडघा धरून नंबरची वाट बघत बसल्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांना नावगाव काही न विचारता थेट सुरुवात केली.

“बेन, तुम्हाला पटायचं नाही, पण मी एकदा नर्मदा आटवली होती.”

“अगंबाई! ती कशी?”

“शाळेत एक भीखू होता, रेड्याएवढा. रोज माझे थेपले हिसकायचा आणि वर टपल्या मारायचा. एक दिवस मी थेपल्यांत ओंजळभर मिरच्या घातल्या. गडी बोंबलत नदीवर गेला आणि प्यायलाच लागला. संध्याकाळी सगळ्या होड्या चिखलात!”

“आणि मासे हो?”

“मासे चालत घरी गेले. ही माझी नात, झरणा. रविवारी ठणठणीत असते, पण सोमवारी दप्तर उचललं की हिचं पोट दुखतं. म्हटलं, डॉक्टरांना दाखवून टाकू.”

“खोटं आहे, दादा,” झरणा आजोबांना म्हणाली.

“काय, पोटदुखी?”

“तुमची गोष्ट. तुमच्या बहिणीनं मला खरं सांगितलंय. तुम्ही भीखूला घाबरून मधल्या सुट्टीत शाळेच्या संडासात लपायचात. थेपलेही तिथंच खायचात.”

मंजुबेननी हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

“तिला काय कळतंय! त्या संडासाला साधी कडीसुद्धा नव्हती. लपणार कसा मी?”

“दाराला आतून पाय लावून, दादा. आमच्या शाळेतही कडी नाहीये.”