उघड्या दाराचा कायदा कोणी आणला

जबाब देणार : चित्रकलेच्या बाई (सगळीकडे ओळख याच नावाने), वय ६९ वर्षे, धंदा : शाळेतून निवृत्त, राहणार : पाण्याच्या टाकीमागची गल्ली, वरचा मजला.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझा दीर, जाऊ आणि पुतणी यांच्यासोबत राहते. माझे पती आमदार होते. ते वारल्यावर त्यांच्या जागी दीर निवडून आला आणि तेव्हापासून तोच आमदार आहे. घरात आम्ही त्याला धाकटा म्हणतो, इथेही तसंच लिहावं. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जात होता. त्याच्या शर्टाची तुटलेली बटणं मी लावली आहेत. मला स्वतःचं मूल नाही. याचा घटनेशी संबंध नाही, असं हवालदारांचं म्हणणं पडलं. मी त्यांना म्हटलं, लिहून ठेवा, लागेल.

काल दुपारी नगर सभागृहात निवडणुकीनिमित्त उमेदवारांची जाहीर चर्चा होती. मंचावर धाकटा, त्याच्याविरुद्ध उभे असलेले माजी मंत्री आणि दोघांच्या मध्ये प्रश्न विचारणाऱ्या वकीलबाई होत्या. मी पहिल्या रांगेत होते. चष्मा लावलेला होता आणि कान माझे अजून तिखट आहेत. सुरुवातीला पाणी आणि रस्ते झाले. त्या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे, त्यामुळे एकाने पूर्व म्हटलं की दुसऱ्याने पश्चिम म्हणायचं, असा अर्धा पाऊण तास गेला. मग वकीलबाईंनी उघड्या दाराच्या कायद्याचा विषय काढला.

हा कायदा असा की, कामगार आत असताना कारखान्याचं दार बाहेरून बंद करता येत नाही. आमच्या भागात कपडे शिवण्याचा एक कारखाना जळाला, तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं. आत जळून मेलेल्यांपैकी दोघी माझ्या वर्गात शिकलेल्या. एकीचा हात फार चांगला होता. त्यानंतर माझ्या पतींनी हा कायदा विधानसभेच्या सभागृहात आणला. त्यांच्या स्वतःच्या पक्षालाही तो नको होता. आता तो सगळ्यांना आवडतो, त्यामुळे आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला सगळे पुढे.

धाकटा म्हणाला की हा कायदा मी आणला. मला वाटलं, आता माजी मंत्री त्याला पकडणार. ते तेव्हा सभागृहात होते, कोण बोललं ते त्यांनी समोर बसून ऐकलेलं. पण ते म्हणाले, हो तर, मला चांगलं आठवतंय, तुम्ही बोलत होतात आणि विरोधी बाकावरून पहिला होकार माझा होता. ज्यांचं उभ्या जन्मात कशावर पटलं नाही, ते दोघे या एका न घडलेल्या गोष्टीवर एकमेकांकडे बघून माना डोलावत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मला आधी राग आलाच नाही. आधी नवल वाटलं.

कागदावर काही नोंद असेलच की, असं हवालदारांनी मध्येच विचारलं. असते, पण सभागृहाची रीत अशी की सदस्याला नावाने हाक मारत नाहीत, अमुक भागाचे सन्माननीय सदस्य म्हणतात. आमच्या भागाचे सन्माननीय सदस्य आधी थोरले, म्हणजे माझे पती होते, मग धाकटा झाला. शिवाय त्या दिवशी मतदान आवाजी होतं. हो म्हणणारे ओरडतात, नाही म्हणणारे ओरडतात आणि अध्यक्ष कानाने निकाल देतात. कोणाच्या तोंडून काय निघालं ते कोणी लिहीत नाही. मतदानाच्या वेळी माजी मंत्री बाहेर चहा पीत होते, असं पती घरी येऊन म्हणाले होते. पण ते मी पाहिलेलं नाही, ऐकीव आहे, म्हणून त्यावर माझा आग्रह नाही.

त्यानंतर धाकटा रंगात आला. म्हणाला, घसा इतका बसला होता की सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून निघालो. सभागृहाच्या पायऱ्यांवर बुटाचा तळ सुटला, तो फाइलीच्या नाडीने बांधला आणि फटक फटक वाजवत आत गेलो. हे शब्दन्‌शब्द खरं आहे. फक्त पाय दुसऱ्याचा होता आणि ते पाणी मी कोमट करून दिलं होतं. धाकटा तेव्हा दुसऱ्या शहरात कॉलेजची परीक्षा देत होता. त्याने ना तो बूट पाहिला, ना तो घसा ऐकला.

मग त्याला हे कुठून कळलं, याचा विचार मी त्या खुर्चीत बसूनच केला. माझ्याकडून कळलं. पती गेल्यावर तो निवडणुकीला उभा राहायला तयार नव्हता. चार माणसांसमोर त्याची बोबडी वळायची. तेव्हा मी त्याला जेवताना ही गोष्ट सांगायची, म्हणजे त्याला धीर येईल. बुटाची चालसुद्धा करून दाखवायची आणि तो हसायचा. भाषणात पहिल्यांदा तो म्हणायचा, माझ्या भावाने कायदा आणला. पुढे म्हणायला लागला, आमच्या घराने आणला. ते माझ्या कानावरून गेलं, पण मला त्यात वावगं काही वाटलं नाही. काल तो थोरल्यांच्या बुटात पुरता शिरला.

तो खोटं बोलत होता का, असं मला विचारण्यात आलं. नाही. त्याचं खोटं मी लहानपणापासून ओळखते. शाळेत मी मुलांना स्मरणचित्र द्यायची, विषय प्रार्थनेची रांग. प्रत्येक मूल स्वतःला पुढे काढायचं आणि जरा मोठं काढायचं, उशिरा येऊन मागे लपलेलंसुद्धा. मी त्यांना कधी खोटारडं म्हटलं नाही. उलट मला मजाच वाटायची. पण कालच्या चित्रात एका माणसाला पुसून तिथे दुसरा काढला होता आणि तो पुसलेला माणूस माझा नवरा होता. टाळ्या दुसऱ्यांदा वाजल्या तेव्हा मला राग आला. फार आला.

मी मंचावर गेले, वकीलबाईंसमोरचा माईक उचलला आणि म्हणाले, "तो बूट ह्याच्या भावाचा होता. कायदाही त्यांचाच." धाकटा उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, खाली चला. घरी बोलू." मी म्हटलं, घरी बोलूनच हे झालंय, आता इथे बोलू. त्याने माईक धरला. मी सोडला नाही. तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने माझ्या खांद्याला धक्का दिला. मी मंचाच्या पायरीवरून खाली पडले आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. मला वकीलबाईंनी उचललं.

माजी मंत्र्यांनी इथे दिलेल्या तक्रारीत लिहिलं आहे की सगळ्यात आधी धावत येऊन त्यांनी मला उचललं. ते खुर्चीतून हलले नव्हते. पण त्यांना तसं आठवत असेल, मला आता त्याचं आश्चर्य वाटत नाही. मात्र माझ्या प्लास्टरवर त्यांना मतं मागायची आहेत, ते मी होऊ देणार नाही. त्यांनी माझ्या वतीने केलेल्या तक्रारीत मी सामील नाही. माझी धाकट्याविरुद्ध तक्रार नाही आणि त्याच्यावर गुन्हा नोंदवावा अशी माझी इच्छा नाही.

दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत धाकटा माझा दुसरा हात धरून बसला होता. रडत होता. म्हणाला, "वहिनी, तुमचा तोल गेला. मी धरायला हात पुढे केला, पण उशीर झाला." मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तो मला फसवत नव्हता. अजून प्लास्टर वाळलंही नव्हतं आणि त्याला तसंच आठवत होतं. माझा त्याच्यावर जीव आहे. मी त्याला म्हटलं, बरं, घरी जाऊन काहीतरी खाऊन घे.

हवालदारांनी याआधी 'तोल जाऊन पडल्या' असं लिहिलं होतं. असंच लिहायची पद्धत आहे, आमदारसाहेब बाहेर बाकावर बसलेत आणि निवडणूक तोंडावर आहे, असं ते समजुतीने म्हणाले. ते वाक्य मी खोडायला लावलं. धक्का दिला, असं लिहावं. यामुळे त्याची जागा जाऊ शकते, हे मला कळतं. ती जागा त्याला मीच घ्यायला लावली होती. कायदा माझ्या पतींनी आणला, हेही लिहावं. पडण्याशी त्याचा संबंध नाही असं म्हणू नये. त्यावरूनच मी पडले.

दोन दिवस विश्रांती घेऊन या, जबाब सावकाश देता येईल, असं मला सांगितलं होतं. तरी आज आले, त्याचं कारण असं की, सकाळी मी डाव्या हाताने तोंड धूत होते, तेव्हा मला डोळ्यांसमोर धाकट्याचा कालचा हात दिसला. तळवा उघडा होता, बोटं पसरलेली आणि तो मला धरायला येत होता. अगदी स्पष्ट दिसला, काढून दाखवता येईल इतका. मला ते चित्र आवडलं. मी नळ तसाच सोडून बराच वेळ ते बघत उभी राहिले. मग साडी बदलली आणि इकडे आले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने सही डाव्या हाताची आहे. यापुढे कधी मी याहून वेगळं काही सांगितलं, तर माझं ऐकू नये, हा कागद खरा धरावा.