टेपवरचं बायजाचं गाणं

आदरणीय अध्यक्ष महिपतराव, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते आमचे शिवराम सर, आणि कारखान्यातून थेट सभागृहात आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मी मंजुळा. याच संध्याकाळच्या शाळेत शिकले, आता इथेच शिकवते. दिवसभर वागळे इस्टेटमध्ये उभ्यानं पॅकिंग केल्यावर बाराखडी गिरवायला कोण येणार? सरांनी युक्ती काढली. आठवडाभरात जी एकही दिवस चुकवणार नाही, तिनं शनिवारी सरांच्या टेपरेकॉर्डरवर गाणं म्हणायचं आणि पुढच्या शनिवारी ते साऱ्या वर्गाला ऐकवायचं. 'शिक्षणाला आमिष कशाला?' असं काही जण म्हणाले. ते आज व्यासपीठावरच आहेत, म्हणून नावं घेत नाही. पण स्वतःचा आवाज ऐकायला आम्ही अंगात ताप असला तरी यायचो.

फक्त खाडीवरच्या बायजाचा आठवडा कधी भरेना. भावाच्या होडीवर तिला जावंच लागे. "सर, भरती काय तुमची हजेरी बघून येते?" असं म्हणायची. सर हसायचे, नियम मात्र सोडायचे नाहीत. शहाऐंशीच्या मार्गशीर्षात ती सोमवार ते शुक्रवार रोज आली. शनिवारी आली ती निथळत, केस मोकळे, पाय अनवाणी.

"सर, आठवरा पुरा झाला नं?" एवढंच बोलली आणि गायली. मी तिला खेटून बसले होते. गाताना तिचा श्वास काही मला ऐकू आला नाही.

रविवारी कळलं, शनिवारी पहाटेच होडी उलटली होती. त्याच दुपारी बायजाचं प्रेत बाहेर काढलं होतं.

ती टेप लावायला सरांचा हात कधी धजला नाही. दर शनिवारी सर सगळ्यांच्या मागून निघत आणि दाराकडे बघून म्हणत, "पुढच्या शनिवारी नक्की." कुणाला म्हणत, हे आम्ही विचारलं नाही. पण सर गेल्यावर तिला असं कोण सांगणार? कबूल केलेलं बक्षीस मिळालं नाही, तर ती बिचारी किती वर्षं येत राहणार? मला भीती वाटते, पण त्याहून जास्त तिची कणव येते.

आज शनिवार आहे. सरांनी मघाशी टेप माझ्या हातात दिली.

सर, तुमचे उपकार मोठे आहेत. आयोजकांचे आभार मानते. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर सांभाळून घ्या. आणि दाराजवळच्या मंडळींनी जरा सरकून बसावं. ती निथळत उभी आहे, तिला अडवू नका. तिचंच गाणं लावते आहे.